जोडगोळी आणि वेलांटी

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचे आकडे रोज लिहून ठेवायला सांगितले आहेत. मला नुसते आकडे लिहिता येत नाहीत. पाटीवर नुसता फोन नंबर लिहून द्या म्हणणारी गिऱ्हाइकंसुद्धा मी परत पाठवली आहेत. लिहायचंच तर पूर्ण वाक्यांत लिहीन, विरामचिन्हांसकट.

आजचा आकडा: वरचा १६४, खालचा १०२.

मला काही म्हणजे काही होत नाही. डोकं दुखत नाही, जीव घाबरत नाही, आणि मोकळ्या हातानं काढलेला माझा गोल आजही कुणीही कंपासनं तपासून घ्यावा. मी गेलो होतो चष्म्याचा नंबर काढायला. चष्मेवाल्यानं डोळ्यात दिवा मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काका, आधी रक्तदाब मोजून घ्या." मला काका म्हणाला, तिथेच तो वाढला असणार.

तेव्हापासून पिवळी गोळी चालू आहे. आधी कमी ताकदीची, मग जास्त ताकदीची. जास्तीनं आकडा थोडा उतरला, पण पाय सुजले. संध्याकाळी मोजे काढले की मोज्याची वीण घोट्यावर छापलेली. म्हणून आज परत दवाखाना. डॉक्टरीणबाई वयानं लहान आहेत, पण अक्षर सुरेख आहे, हे मुद्दाम नोंदवतो. चिठ्ठीत एकही काना सुटलेला नसतो.

त्या म्हणाल्या, "पिवळी परत कमी ताकदीची करू. जोडीला ही पांढरी. पिवळी सकाळी, पांढरी दुपारी."

"एकीच्या कामाला दोघी कशाला?"

"एकटीलाच दामटलं तर ती पाय सुजवते. दोघींना थोडं थोडं वाटून दिलं की काम जास्त होतं, कुरकुर कमी. एक रक्ताच्या नळ्या सैल करते, दुसरी नळ्या आवळणाऱ्याचा हात धरते."

"मग नक्की कुणामुळे उतरला, हे कसं कळणार?"

"कळायला कशाला हवंय? उतरला म्हणजे झालं."

हे मला पटलेलं नाही. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. रस्त्यावरच्या पाट्या बघत, घरी पत्र्यावर घासत शिकलो. त्यात एकच नियम पाळला: एका वेळी एक गोष्ट बदलायची. रंगाला भेगा पडल्या म्हणून तेलही बदललं आणि ब्रशही बदलला, तर दोषी कोण, हे जन्मात कळणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

१४६ आणि ९२. पायांची सूज गेली. उतरला कुणामुळे, ठाऊक नाही. हे ठाऊक नसणं मला दाढेत अडकलेल्या कणासारखं सलतं आहे.

आज एका पाटीसाठी हिरवा रंग तयार करत होतो, निळ्यात पिवळा घालून. ढवळता ढवळता थांबलो. या हिरव्यातला निळा कुठला आणि पिवळा कुठला? कुणी विचारलं तर मी त्याला वेड्यात काढीन. म्हणजे बाईंचं म्हणणं बरोबर असेल. पण मला निदान दोघांचं माप तरी माहीत असतं!

हिला हे सांगितलं. ही म्हणाली, "गोळ्या घ्या आणि गप्प बसा."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंत मिळाली!

सायकलींच्या कारखान्याची रस्त्याकडची अख्खी भिंत. वर एकच शब्द, 'सायकली', माणसाच्या उंचीच्या अक्षरांत. त्याखाली 'मजबूत आणि हलक्या'. त्याच्याखाली बारीक अक्षरांत दोघा मालक भावांची नावं. एवढी भिंत हातानं लिहायला सांगणारं गिऱ्हाईक आता उरलेलं नाही. सगळे छापील फलक ताणतात, आणि तो पहिल्या उन्हाळ्यात विटतो.

थोरल्या मालकानं मजकूर कागदावर दिला होता. त्यात 'मजबुत' लिहिलं होतं. मी म्हटलं, "बू दीर्घ. ऱ्हस्व काढली तर सायकल मोडेल."

तो हसला. मग म्हणाला, "तुमच्या मनासारखी काढा. पण पुढच्या महिनाअखेरीला नवीन विभाग सुरू करतोय, पाहुणे येणार. तोवर झाली नाही तर मी तुमच्या मेहुण्याकडून छापून घेईन आणि ताणीन भिंतीवर. त्यानं भाव आधीच सांगून ठेवलाय."

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. पूर्वी माझ्याबरोबर असायचा. मी कडा आखायचा, तो आत रंग भरायचा. मी परांचीवर, तो खाली दोर धरून. मग त्यानं छपाईचं यंत्र घेतलं. मला म्हणाला, "दाजी, हातानं लिहायचे दिवस संपले. या माझ्याबरोबर." मी गेलो नाही. दोन वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. ही जाते त्याच्याकडे. मी विचारत नाही, ही सांगत नाही.

भिंत मी एकटा लिहीन.

३ मार्च, सोमवार

१४४, ९०. म्हणजे उतरायचा थांबला. बाईंनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं.

"दुपारची पांढरी घेता ना रोज?"

मी खोटं बोलत नाही. "कानामागे ब्रश असला की दुपार कधी झाली ते कळत नाही."

"वाटलंच मला! दोन दोन वेळा सांभाळायची कटकटच नको तुम्हाला. जोडगोळी देते. सकाळी, खाल्ल्यावर, एक. आता एवढंच, बरं का?"

बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि बाईंनी घंटी वाजवलीच होती, म्हणून मी उठलो. वेळेचं भान मलाही आहे. चिठ्ठी मात्र त्यांनी नव्या कागदावर लिहिली. जुनीला पुरवणी म्हणून मी ती टाचणीनं मागे जोडली.

'जोडगोळी' हा शब्द बाईंच्या तोंडी ऐकून बरं वाटलं. हल्लीच्या मुलांना असे शब्द येत नाहीत. बाजारात मला आणि मेहुण्याला जोडगोळी म्हणायचे. "आली बघा जोडगोळी, शिडी सांभाळा!"

असो.

४ मार्च, मंगळवार

नवीन गोळीचं पाकीट भिंगाखाली धरून वाचलं. दुसऱ्या कुणी एवढे कष्ट घेतले नसते. वर मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव. अक्षरवळण दरिद्री. त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दोन नावं. ती मी ओळखली! एक नाव पिवळीच्या पाकिटावर आहे, दुसरं पांढरीच्या.

क्षणभर गोंधळलो. मग उलगडलं. पाटीचा नियम सगळीकडे एकच असतो: मोठ्या नावाखाली जी बारीक नावं असतात, ती भागीदारांची. म्हणजे ही नवी गोळी त्या दोघींच्या सोबतीनं घ्यायची आहे. पिवळी आणि पांढरी ही जोडगोळी. एकमेकींना धरून राहत नव्हत्या, एक सकाळी, एक दुपारी, म्हणून त्यांच्यावर ही एक मुकादम नेमली. आणि 'दोन दोन वेळा सांभाळायची कटकट नको' याचा अर्थही लागला. तिन्ही एकदम सकाळी.

पिवळ्या आणि पांढऱ्या मी दोन महिन्यांच्या आणून ठेवलेल्या आहेतच.

ही ओट्यापाशी उभी होती. "अहो, जोडगोळी म्हणता आणि घेता तीन?"

"दोघी ती जोडगोळी. तिसरी मुकादम."

"मग मुकादमाचं नाव जोडगोळी कसं?"

"दूध उतू जाईल, ते बघ."

७ मार्च, शुक्रवार

११० आणि ६८!

दोनदा मोजला. खालचा आकडा इतका खाली मी कधी पाहिला नव्हता. मुकादम कामाची निघाली. बाईंना मनातल्या मनात पैकीच्या पैकी.

भिंतीवर परांची बांधून झाली. दोरीला नीळ लावून रेघा मारल्या, चौकटी पाडल्या. 'सा' आणि 'य' आखून झाले. डबा उचलायला वाकलो आणि सरळ झालो, तेव्हा भिंत क्षणभर मागे सरकली आणि परत जागेवर आली. ऊन असेल.

समोर टायरच्या दुकानापाशी मेहुण्याची स्कूटर उभी होती. तो तिच्यावर बसून पेपर वाचत होता, डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून. हेल्मेट घालून पेपर वाचणारा माणूस काय वाचत असेल? त्याला वाटतं मी ओळखणार नाही. भिंतीचं माप घ्यायला आला आहे, मी मागे पडलो की आपला फलक ताणायला मोकळा.

मी त्याच्याकडे पाठ करून आणखी एक अक्षर आखलं.

९ मार्च, रविवार

सुट्टी. तरी थकवा. खुर्चीतून उठलो की डोळ्यांपुढे राखाडी पडदा येतो, आणि मग हळूहळू वर गुंडाळला जातो. चष्म्याचा नवा नंबर चुकला आहे, यात शंका नाही. मला काका म्हणणाऱ्याकडून आणखी काय होणार?

१०२, ६२. आकडा मात्र झकास.

११ मार्च, मंगळवार

आज काहीच समजत नाही. लिहून काढतो, लिहिताना तरी समजेल.

'क' भरायला घेतला. अक्षर उजवीकडे कललेलं दिसलं. पुसलं, परत आखलं, परत कललं. मग वाटलं भिंतच वाकडी आहे. ओळंबा सोडला. भिंत दोरीला चिकटून सरळ. मग ओळंबा वाकडा? ओळंबा वाकडा कसा असेल? खाली बसलो, परांचीच्या फळीवर, पाय सोडून. थोड्या वेळानं अक्षर सरळ झालं. मी हात लावलेला नव्हता.

घरी येऊन मोजला: ९४, ५६. हिनं आकडा पाहिला.

"हे फारच खाली आलंय हो."

"खाली यायलाच औषध घेतोय ना?"

"तुम्ही पिवळे दिसताय."

"रंग उडाला असेल अंगावर."

"एकदा बाईंना विचारून तर या."

"काय विचारू? 'बाई, तुमचं औषध लागू पडलं, आता काय करू?'"

 ही पदर खोचून भांडी जरा जोरातच आपटायला लागली. मी यंत्राचे सेल बदलून पाहिले, तरी तोच आकडा. यंत्र बरोबर, ओळंबा बरोबर, भिंत बरोबर, औषध बरोबर. मग चुकतंय कोण?

दुसरी एक विचित्र गोष्ट. आमचा चहाचा फ्लास्क घरात सापडत नाही. विचारलं, तर ही म्हणते, "असेल कुठेतरी." आणि मेहुणा आजही समोर होता, आणि त्याच्याजवळ हुबेहूब आमच्यासारखा फ्लास्क होता. निळा, चांदीच्या पट्टीचा. त्यानं आमच्या घरात पाहून तसाच घेतला असणार. या माणसाला स्वतःचं असं काही सुचतच नाही.

१२ मार्च, बुधवार

सकाळी न्हाणीघराच्या दाराला धरून उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. तिन्ही गोळ्या वेळेवर घेतल्या.

१५ मार्च, शनिवार. अंथरुणातून

कालचं आज लिहितो आहे. हात बरा चालतो. अक्षर माझंच आहे.

काल सकाळपासून 'ली' चालू होती. उभा दंड झाला. उरली होती वेलांटी, दुसरी, दीर्घ. सगळ्या पाटीत अवघड काय असेल तर ही वेलांटी. अक्षराच्या डोक्यावरून ती कमान घेऊन जाते, आणि ती कमान एका श्वासात काढावी लागते. मध्ये थांबलं की जोड दिसतो. मी फळीच्या कडेला आलो, मान मागे टाकली, हात वर केला, श्वास घेतला.

तो पडदा आला, पण वर गुंडाळला गेला नाही.

मागून कुणीतरी माझा कमरेचा पट्टा धरला.

"दाजी, बसा. खाली बसा. बसा म्हणतो ना!"

मी बसलो. बसलो म्हणजे बसवला गेलो. मेहुणा होता. डोक्यावर हेल्मेट.

"तू वर कसा आलास?" हे माझं त्याच्याशी दोन वर्षांतलं पहिलं वाक्य.

"शिडीनं. तुम्ही खांब धरून उभे होतात मघापासून. मी चार हाका मारल्या."

"मला ऐकू आल्या नाहीत."

"तेच तर!"

"वेलांटी राहिली."

"राहू दे वेलांटी! तुम्ही राहा आधी."

त्यानं माझ्या काखेतून दोर घेतला, पूर्वी डबे उतरवायचा तसा मला उतरवला. ब्रश माझ्या हातून खाली पडला नाही, ही नोंद असावी.

दवाखान्यात बाईंनी आडवं केलं, पायाखाली उशा घातल्या. आकडा मोजला आणि कुणाला तरी हाक मारून माझा नंबर पुढे घ्यायला सांगितलं. कितीही म्हटलं तरी मला तो आकडा दाखवला नाही. ही तोवर धावत आली होती. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"काय काय घेता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

मेहुण्यानं माझ्या खिशातली गोळ्यांची डबी काढून टेबलावर उपडी केली. पिवळी, पांढरी, आणि मुकादम. बाई बघतच राहिल्या.

"या तिन्ही? एकदम?"

"तुम्हीच म्हणालात, जोडगोळी."

"अहो, जोडगोळी म्हणजे दोन औषधं एका गोळीत! या एका गोळीत तुमची पिवळीही आहे आणि पांढरीही. त्यावर तुम्ही परत पिवळी घेता आणि परत पांढरी घेता. दुप्पट झालं सगळं!"

मी आडवा होतो, पाय उशांवर, तरी हे मला ऐकवेना. "बाई, माफ करा. जोडगोळी म्हणजे दोघं. कायम बरोबर असणारी दोघं. एकात दोन मिसळून टाकले तर ती दोघं राहिली कुठे? हिरव्या रंगाला तुम्ही जोडरंग म्हणाल का?"

"दाजी," मेहुणा म्हणाला, "आधी दाब वर येऊ द्या, मग भांडा."

"आणि पाकिटावर त्या दोघींची नावं होती! मोठ्या नावाखाली!"

"ती आत काय आहे त्याची नावं," बाई म्हणाल्या.

"भागीदारांची नव्हेत?"

बाईंनी हिच्याकडे पाहिलं. हिनं छताकडे पाहिलं. मग बाई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. आवाज उतरला होता. "मी 'आता एवढंच' म्हणाले होते. म्हणजे आता एवढीच गोळी, बाकीच्या बंद."

"मला वाटलं, आता उठा."

त्यांनी तिन्ही गोळ्या परत डबीत भरल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. 'बंद' हा शब्द मी उच्चारायला हवा होता. आणि लिहायलाही."

मी त्यांना म्हणणार होतो की चिठ्ठीचं अक्षर तरी सुरेख होतं. पण चष्मा काढून पुसत राहिलो. का, ते कळत नाही. रागानं असेल. संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवलं, दर थोड्या वेळानं मोजत राहिले. आकडा वर आला तेव्हा घरी सोडलं. दोन दिवस कुठलीच गोळी नाही, रोज येऊन मोजायचं, मग बाई सांगतील तेव्हा फक्त नवी.

परत येताना रिक्षात मी हिला विचारलं, "हा नेमका तिथे कसा?"

"योगायोग," ही म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली.

रोज?

१८ मार्च, मंगळवार

आजपासून नवी गोळी, एकटी. १३२, ८४. एकटी म्हणजे आतून दोघी. विचार करायला लागलं की डोकं फिरतं, पण हे डोकं फिरणं निराळं. हे मला पेलतं.

पिवळ्या आणि पांढऱ्या हिनं उचलून औषधाच्या दुकानात नेऊन दिल्या. मला परत बघूसुद्धा दिल्या नाहीत.

थोरला मालक भेटायला आला. बसला, तब्येत विचारली, मग घसा खाकरला. मी ओळखलं. म्हटलं, "महिनाअखेर अजून आली नाही."

"तसं नाही हो. पण बाई म्हणाल्या ना, अजून वर चढायचं नाही. मी मेहुण्याकडे गेलो होतो, फलकाचं विचारायला."

"मग?"

"नाही म्हणाला. म्हणाला, त्या भिंतीवर छापील काही लावणार असाल तर दुसरा बघा. मला कळेना, भाव त्यानंच सांगितला होता!"

मलाही कळेना. त्याच्या धंद्याचा एवढा मोठा फलक. तो समोर बसायचा तो भिंत मिळवायला, असं मी धरून चाललो होतो. मग कशाला बसायचा? हिला विचारलं. ही म्हणाली, "तुम्हाला शब्दाचा अर्थ बरोबर लागतो हो. माणसाचा लागायला वेळ लागतो."

याचाही अर्थ विचारणार होतो. विचारला नाही.

२३ मार्च, रविवार

वेलांटी झाली.

मी खाली खुर्चीवर. ही छत्री धरून उभी, मला ऊन लागू नये म्हणून. मी सांगत होतो की मी काही नवरदेव नाही, पण ऐकतो कोण? मेहुणा परांचीवर. त्याला म्हटलं होतं, तू नुसता आत रंग भर, वेलांटी मी आठवड्यानं चढून काढीन. तो म्हणाला, "पाहुणे काय वेलांटीविना 'सायकला' वाचतील?"

"कधी काढली आहेस का एवढी कमान?"

"यंत्रावर रोज काढतो."

"यंत्रावर नव्हे, हातानं!"

"तुमची बघितली आहे ना. बारा वर्षं खालून बघितली आहे."

मग मी खालून ओरडत होतो आणि तो वरून काढत होता. "खांद्यातून फिरव, मनगटातून नको! श्वास सोडू नकोस! वर घे, अजून वर, आता उतर, उतर, सोड!" रस्त्यावरची माणसं थांबली. टायरवाल्यानं दुकान सोडलं आणि येऊन उभा राहिला.

त्यानं ब्रश उचलला. मी खुर्चीतून उठलो. हळू उठलो, बाईंनी शिकवल्याप्रमाणे: आधी पाय हलवायचे, मग उठायचं, मग धरायचं, मग चालायचं. मागे जाऊन पाहिलं. डोळा बारीक करून पाहिलं. ओळंबा मागितला, लावला.

माझ्या हातची नाही. माझी असती तर शेवटाला किंचित निमुळती झाली असती. पण वाकडी नाही. जोडही दिसत नाही.

"कशी आहे?" तो वरून म्हणाला.

"चालेल."

"दाजी 'चालेल' म्हणाले!" तो हिला ओरडून म्हणाला. "ताई, लिहून ठेव कुठेतरी!"

मग सही. कोपऱ्यात खाली माझी सही असते, ती लिहायला चढावं लागत नाही. माझं नाव लिहिलं आणि त्याचं लिहायला घेतलं, खालच्या ओळीत. तो उतरून मागे येऊन उभा राहिला.

"माझं खाली बारीक लिहू नका हां. लोकांना वाटेल, आत काय घातलंय ते लिहिलंय."

मी हसलो नाही. पण माझं नाव टर्पेंटाइननं पुसलं आणि दोन्ही नव्यानं आखली, एका ओळीत, एका मापात. मग मधे जागा किती ठेवायची यावर आमचं भांडण झालं. ते ही घरी जाऊ म्हणेपर्यंत चाललं.

फ्लास्क आज ओट्यावर दिसला. झाकणाला पोचा आला आहे. हेल्मेट घालून चहा प्यायला गेलं की असं होतं. मी काही विचारलं नाही. धुऊन पालथा घातला.

३१ मार्च, सोमवार

१२६, ८०. चार दिवस असाच आहे. कुणामुळे, विचारत नाही.

बाईंकडे जाताना त्यांच्यासाठी लहानशी पाटी नेली, पत्र्यावर, निळ्यावर पांढरी अक्षरं: 'नवी गोळी दिली? मग जुनी चालू की बंद, ते विचारा.' मजकुरावर दोन दिवस घालवले. प्रश्नचिन्हाचा गोल मोकळ्या हातानं काढला आहे.

बाईंनी ती टेबलावर माणसांकडे तोंड करून ठेवली. मग फिरवून स्वतःकडे केली. मग परत फिरवली. म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी हवी होती."

"लिहून देतो."

त्यांनी दाब मोजला, पाय दाबून पाहिले, चिठ्ठी लिहिली. गोळीच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहिली आणि तिला खालून रेघ मारली: 'पिवळी व पांढरी बंद.' सगळ्या वेलांट्या, अनुस्वार जागच्या जागी.

"हीच चालू ठेवायची. आता एवढंच."

मी बसून राहिलो.

बाहेरचं बाक भरलेलं होतं. बाईंनी घंटी वाजवली नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"आता उठा," त्या म्हणाल्या. "हळू."

मी आधी पाय हलवले.